पूजेतले चार सेकंद

६ मार्च
मान: दुखली, उजवीकडे जास्त. चक्कर: दोनदा. ठोके: दुपारी सैरावैरा, तासाभराने आपोआप गप्प.
डॉक्टरांनी रोज लिहायला सांगितलंय म्हणून ही वही. ठोक्यांची लय बिघडून दोन वर्षं झाली. एक गोळी त्यांना आवरायची, एक रक्त पातळ ठेवायची. मानेचं मात्र नवीन. मणके झिजलेत म्हणे. शाळेच्या गणवेशाचं कापड कापत तीस वर्षं टेबलावर वाकलो, झिजणार नाहीत तर काय. गळ्यात घालायला पट्टा दिलाय. तो घालून आरशासमोर उभा राहिलो तर शोभा म्हणाली, "नवरदेवावानी दिसायलाव की." बायकोला हसू आलं, पट्ट्याचे पैसे वसूल.

९ मार्च
डॉक्टरांना न सांगितलेली गोष्ट इथे लिहितो. ही पानं त्यांना दाखवायची नाहीत.
सकाळी सहाला पूजेला बसतो. गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढायचं, डाव्या तळहातावर ठेवायचं, नजर त्याच्यावर लावायची. अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, शिकवलं तसं चाळीस वर्षं करतोय. चाळीस वर्षांत काय दिसलं? काळं लिंग, आणि मनात कारखान्याची कामं. पण गेल्या दिवाळीपासून... नजर ठरते न ठरते तोच खोली सुटते. पांढरं कापड उलगडत जातंय, ताग्यामागून तागा, वारा नाही, आवाज नाही. मी कुठे बसलोय, मला वजन किती, काही नाही. मग परत. कपाळावर घाम, छातीत धडधड, आणि डोळ्यात पाणी.
शोभाला सांगितलेलं नाही. असलं बोलून दाखवलं की जातं, असं ऐकत आलोय. माझ्यासारख्या कटिंग मास्टरला कशाला मिळेल हे? पण मिळालं असेल तर? त्याला 'चक्कर' म्हणून लिहायला हात धजत नाही.

१४ मार्च
वाईट झालं. साठ पदरी पांढऱ्या कापडावर कटिंगचं मशीन चालवत होतो. एकदम अंधार. क्षणभरच. कापड अंथरणारा रियाज समोर होता, तो ओरडला, "मास्टर, मशीन चालू है! किधर कू चले गए?" पातं खुणेची रेघ सोडून आत घुसलेलं. साठ शर्टांच्या डाव्या बाह्या गेल्या. हातात जाळीचा मोजा होता म्हणून अंगठा राहिला.
शेठना म्हणालो, मान अडकली. मानेवर काहीही ढकलता येतं, बिचारी बोलत नाही.
इथे पांढरं काही दिसलं नाही. नुसती भीती. मग सकाळचं ते एवढं गोड का?

१७ मार्च
मा. दुखली. च. नाही. (मा. म्हणजे मान, च. म्हणजे चक्कर; रोज कुठे सगळं लिहायचं.) केस कापायला गेलो तर न्हावी म्हणाला, "मास्टर, मान एकदा कडाक्दिशी मोडून देतो, मोकळं वाटेल." रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे म्हटल्यावर त्याने असे हात काढले जसं काही मी काचेचा आहे. दिवसभर स्वतःलाच हळू हळू उचलत ठेवत होतो.

२२ मार्च
आमचे अय्या, म्हणजे घराण्याचे गुरू, वळसंगहून आले होते. वय ऐंशीच्या पुढे. शोभा आत भाकऱ्या करत होती तेवढ्यात धीर करून त्यांना सगळं सांगून टाकलं. पांढरं, वजन जाणं, सगळं. वाटत होतं, आता डोक्यावर हात ठेवतील.
ते म्हणाले, "मी सात वर्साचा असल्यापास्नं बसतोय. मला असं कदी झालं न्हाय. आनि घाम येतोय म्हनतूस? धडधड व्हतंय? दावखान्यात दाव आदी."
मग म्हणाले, "बसून दाव बरं." बसलो. लगेच ओरडले. "मान कुनी घालायला सांगितली खाली? हात वर धर की! डोळ्याम्होरं!"
अप्पा हात वरच धरायचे. मी लहानपणी शेजारी बसून शिकलो, हात दुखायचा म्हणून मांडीवर टेकवायचो, तीच सवय राहिली. चाळीस वर्षं देवासमोर चुकीचं बसलो, आणि मणक्यांचा सगळा दोष बिचाऱ्या कारखान्याला दिला! हसू आलं. रडूही.

२४ मार्च
दोन दिवस हात वर धरून बसतोय. शोभाने कोपराखाली पिठाचा डबा ठेवून दिला. मा. खरंच कमी.
मनात आलं होतं, मान वाकते म्हणूनच ते येत असेल, आता बंद होईल. काल आलं नाही. दिवसभर घरातलं कुणी गावाला गेल्यासारखं वाटलं. आज आलं. मान ताठ, हात वर, तरी आलं. म्हणजे मानेचं नव्हे.
आनंद झाला, लबाड मन. मग १४ तारीख आठवली.

२९ मार्च
डॉक्टरांना कारखान्यातलं सांगितलं. पूजेचं नाही. ते चिडले, "मशीनवर असताना? आणि आज सांगताय?" मशीनवर जाणं बंद. छातीवर तारा चिकटवून एक छोटं यंत्र कमरेला बांधलंय, चोवीस तास ठोके टिपणार. लिंगाची डबी तारांवर नको म्हणाली नर्स, तर दोरा आखूड करून उजवीकडे घेतली. सोबत एक कागद: कितीला काय केलं, काय वाटलं, ते लिहायचं.

३० मार्च
सकाळी बसलो. बसू नये असंही वाटलं, यंत्राला कळेल. चोरी पकडली जाईल. तरी बसलो.
आलं. आजवरचं सगळ्यात लांब. कापड पाण्यासारखं, मी त्याच्यावर पडलेलो, खाली कुणीतरी हलकेच झुलवतंय. अव्वाचा, आईचा, आवाज आल्यासारखा झाला, गेली तिला बावीस वर्षं.
कागदावर लिहिलं: 'सव्वासहा, पूजा. बरं वाटलं.'

२ एप्रिल
डॉक्टरांनी तो कागद आणि यंत्रातून निघालेली ठोक्यांची पट्टी शेजारी शेजारी ठेवली. म्हणाले, "सहा अठराला तुमचं हृदय चार सेकंद थांबलं होतं. आणि तुम्ही लिहिलंय, बरं वाटलं?"
शोभा शेजारी होती.
त्यांनी समजावलं. ठोके आधी धावतात, मग एकदम थांबतात, तेव्हा मेंदूला रक्त पोचत नाही, माणूस तरंगतो. मानेचं दुखणं खरं, पण ते वेगळं. धावणं आवरायची गोळी वाढवायची तर थांबू नये याची सोय आधी हवी. पेसमेकर. डाव्या खांद्याच्या हाडाखाली, त्वचेच्या आत. "आज चार सेकंद. उद्या दहा झाले तर?"
मी विचारलं, "बसवल्यावर पूजेत ते... यायचं बंद होणार?"
"तेच तर बंद करायचंय."
रिक्षात शोभा सातरस्त्यापासून घरापर्यंत बाहेर बघत होती.

४ एप्रिल
तारीख दहाची मिळाली. मी नाही म्हणायच्या विचारात आहे, असं अजून कुणाला सांगितलेलं नाही.
अय्यांना फोन केला. ऑपरेशनच्या वेळी गळ्यातलं लिंग काढायला सांगतात, ते अंगापासून दूर कसं करायचं? म्हटलं, या कारणाने तरी ते नको म्हणतील. ते म्हणाले, "बायकोच्या तळहातावर दे. ती काय परकी हाय?" झालं. तेही दार बंद.
संध्याकाळी शोभाला विचारलं, तुला पूजेत काय दिसतं? भाजी निवडत होती.
"मला? काय न्हाय. कुकर चढवायचा ऱ्हायलाय ते आठवतंय."
"मग बसतेस कशाला?"
"बसायचं असतंय म्हनून." देठ मोडत राहिली.

७ एप्रिल
च. जिन्यात. कठडा धरला. मा. बरी.
खरं लिहितो. मरणाची भीती वाटत नाही, ते एवढं गोड असेल तर. भीती याची की यंत्र बसल्यावर सकाळी सहाला मी असाच बसेन, हात वर, डब्यावर कोपर, आणि समोर काही नाही. चाळीस वर्षं होतो तसा. एकदा चव कळल्यावर तसं बसायचं कसं?

१० एप्रिल
सकाळचे सात. लवकर लिहून ठेवतो.
सहाला बसलो. आज शेवटचं, म्हटलं, येऊ दे. शोभा रोज शेजारी बसते, आज समोर बसली. माझ्या उजव्या मनगटावर बोटं ठेवली.
आलं. पांढरं उलगडायला लागलं, वजन गेलं. पण खूप लांबून कुणीतरी मोजत होतं. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... शोभा मैंदर्गीची; घाबरली की तिच्या तोंडी माहेरचं कन्नडच येतं. ऐदु, पाच, म्हणताना तिचा आवाज फाटला.
डोळे उघडले. ती पांढरीफटक. बोटं मनगटात रुतलेली.
"तुमी तिकडं असता," म्हणाली, "तवा मी हितं एकटी असते."
एवढंच. मग उठून तोंड धुवायला गेली.
त्या पांढऱ्या जागी मी दिवाळीपासून कितीदा जाऊन आलो. ती शेजारीच बसलेली असायची, डोळे मिटून, मी गेलोय हे माहीत नसताना. आज पहिल्यांदा तिला दिसलं. आणि मला दिसलं ती कशी दिसते ते.
फॉर्म टेबलावर आहे. सही तिथे गेल्यावर करायची आहे. करेन की नाही, आत्ता विचारू नये. पिशवी भरली आहे, रिक्षावाल्याला आठची वेळ दिलीय. शोभा आतून विचारते आहे, डबी कधी द्याल माझ्याकडे. मी म्हटलं, आत्ताच घे. ती ओले हात पुसतेय.