भाकरीएवढी कोरी जागा

म्युनिक, २३ नोव्हेंबर २००६

ती. गयाआत्यास,

यशपालचा आणि क्षमाचा मनापासून जयभीम.

तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर तू ‘बरे आहेत’ म्हणालीस, पण ते ज्या आवाजात म्हणालीस त्यावरून ते बरे नाहीत हे मला इथं बसून कळलं. तेल चोळून घेत जा आणि जिन्याची कामं नागेशला सांगत जा, पोटचा पोरगा असून त्याचे गुडघे नवेकोरे पडून आहेत. आम्ही ठीक आहोत. इथं दुपारी चारला अंधार पडतो, त्यामुळे क्षमा साडेपाचला जेवणाची ताटं वाढते आणि आठला पुन्हा भूक लागली म्हणून माझ्यावरच चिडते.

एक खुलासा आधी करतो. तू गल्लीत सगळ्यांना सांगतेस की भाचा जर्मनीत इंजिनियर आहे. (जर्मनीत गेलेला प्रत्येक मराठी माणूस इंजिनियर असतो हे मला मान्य आहे, पण एखादा निसटतो.) मी अजिंठ्याला करायचो तेच इथं करतो, जुनी चित्रं सांभाळतो. फक्त ही चित्रं नुबियातली आहेत, म्हणजे इजिप्त आणि सुदानच्या मधली, नाईलकाठची. हजारेक वर्षांपूर्वीचं चर्च. धरणाच्या पाण्यात गाव जाणार म्हणून साठच्या दशकात लोकांनी भिंतींवरची चित्रं मेण लावून, कागद चिकटवून सोलून काढली. आता ते मेण काढायचं काम माझं. शेवटचा हात आम्ही कापसाच्या बोळ्यावर स्वतःची थुंकी घेऊन फिरवतो. तोंड वाकडं करू नकोस, जगभर हेच करतात, थुंकीसारखं सौम्य औषध नाही. माझ्या साहेबीण, फ्राऊ ओबरमायर, यांनी मला त्यासाठी जेवणात लसूण मनाई केली आहे.

तर एका चित्रात एक मोठा संत उभा आहे, डोळे वाटीएवढे. त्याच्या पुढ्यात एक सावळा माणूस, संताचा हात त्याच्या खांद्यावर. चित्राचा खर्च केलेला कोणी सज्जन असावा. त्याचा चेहरा मात्र गळून गेलाय. भाकरीएवढी कोरी जागा. अशा जागी आमच्या कामात चेहरा काढायचा नसतो, ते पाप. पाण्याच्या रंगानं नुसत्या बारीक उभ्या रेघा मारायच्या, म्हणजे डोळ्याला खड्डा टोचत नाही. मी तीन आठवडे मान मोडून रेघा मारल्या आणि मागं सरकून पाहिलं, तर तिथून एक माणूस माझ्याकडे बघत होता.

जवळ गेलो, नुसत्या रेघा. तीन पावलं मागं, पुन्हा तो. रुंद कपाळ, ओठ असे की आत्ता काहीतरी सांगणार होता आणि मी आल्यामुळे थांबला. मी ओला बोळा घेऊन सगळं पुसलं, पुन्हा मारल्या. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा डाव्या हातानं मारल्या. (तेव्हा त्याचा एक डोळा जरा बारीक आला, एवढाच फरक.) फ्राऊ ओबरमायर शेजारी खुर्ची टाकून दिवसभर माझ्या ब्रशवर नजर ठेवून बसल्या. रेघ सरळ, रंग बरोबर, गेनाऊ, गेनाऊ (म्हणजे अगदी बरोब्बर) म्हणत राहिल्या, मग उठून मागं गेल्या आणि ‘आल्झो...’, म्हणजे ‘तर मग...’, एवढंच म्हणाल्या. त्यांनी स्वतः मारल्या तेव्हा कोणी आलं नाही. फोटो काढला तर फोटोत रेघाच. त्या बाई भुताखेतांवर विश्वास ठेवत नाहीत, पण त्या दिवसापासून वर्कशॉपचं दार आधी वाजवतात आणि मग स्वतःच्याच किल्लीनं उघडतात.

खरा घोळ मंगळवारी झाला. मी डबा विसरलो म्हणून क्षमा तो द्यायला आली. मी तिला यातलं काही बोललो नव्हतो. बोलत बोलत ती त्या चित्रासमोर आली, थांबली आणि तिनं गळ्यातला मफलर डोक्यावर घेतला. आत्या, आमच्या लग्नात तू इतकं सांगूनही जिनं डोक्यावर पदर घेतला नाही तीच ही. मी विचारलं तर म्हणाली, अहो, मोठं माणूस बघतंय असं वाटलं. मग स्वतःच घाबरली आणि डबा परत घेऊन गेली. मी उपाशी राहिलो.

आठ डिसेंबरला, शुक्रवारी, तपासणीची कमिटी येतेय. त्यांना तो दिसला तर मी हजार वर्षांच्या चित्रात खोटा चेहरा घुसडला असं होईल. मग नोकरी जाईल आणि तिच्यामागोमाग व्हिसा. म्हणून आठ तारखेला सकाळी मीच ते पुसायचं आणि कमिटी यायच्या आत फ्राऊ ओबरमायर तिथं आपल्या रेघा मारणार, असं ठरलंय. बाई मनानं चांगली आहे. मीही हो म्हणालोय. पुसायला पाच मिनिटं लागतात.

लिहायला बसलो होतो तुझे गुडघे विचारायला, कुठच्या कुठं गेलो. नागेशला आशीर्वाद, आणि तू थंडीत पहाटे अंगण झाडू नकोस.

तुझा,
यशपाल

ता. क. दादा गेले, तुझा भाऊ गेला, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. देवानंद पेंटर म्हणून त्यांनी अख्ख्या औरंगाबादच्या जयंतीला बाबासाहेब रंगवले, पण त्यांचं स्वतःचं चित्र कोणी काढलं नाही, आणि आईला बघवत नाही म्हणून घरात फोटोही राहिला नाही. मला त्यांचा हात आठवतो. माझ्या मुठीवर मूठ ठेवून ब्रश फिरवायचे, टर्पेंटाइनचा वास यायचा. चेहरा आठवत नाही. हे मी कोणालाच कधी सांगितलं नाही, लाज वाटते. तुझ्या ट्रंकेत त्यांचा शिडीवर चढलेला एक फोटो आहे असं तू एकदा म्हणाली होतीस. पत्र मिळताच नागेशला सायबर कॅफेत पाठव आणि तो मेलनं धाड. आठ तारखेच्या आत मिळायला हवा.

ता. क. २. लखोटा चिकटवून पुन्हा फोडला. मेलनं नको, आत्या. साध्या पोस्टानं पाठव, तिकीटही कमीच लाव, आठ तारीख उलटल्यावर मिळू दे. आधी मिळाला आणि ते दादाच निघाले, तर माझ्यानं पुसवणार नाही.