मशीनने निवडलेला आकडा

रविवार, ७ जानेवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत असशील आणि अजूनही ओल्या केसांनी घराबाहेर पडत असशील, असं मी धरून चालते. इकडे सगळं ठीक आहे.

तू पाठवलेलं रक्तदाब मोजायचं मशीन पोचलं. त्याआधीची काठी पोचली होती, आणि त्याआधीचा तो हालचाल झाली की आपोआप लागणारा दिवाही. दिवा तर इतका हुशार आहे की पडदा हलला तरी लागतो. नानांचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला निघाला. दंडाला बांधलेला पट्टा फुगला की ते खुदकन हसतात. स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळतोय. प्लंबर रोज येतो म्हणतो आणि येत नाही, तुझ्याच जातकुळीतला आहे. चष्म्याच्या दुकानात मी आता फक्त सकाळची असते, तीही गुरुवार सोडून. मालक समजूतदार आहेत, तोंड जरा वाकडं करतात एवढंच.

फोन असताना ही पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोनवर मी काही सांगायला घेतलं की तू ‘हो ताई, हो ताई’ करत मला दारापर्यंत नेऊन सोडतोस. पत्राला हो ताई म्हणता येत नाही. शिवाय काही गोष्टी माझ्या तोंडातून निघत नाहीयेत. बघू, हातातून निघतात का.

नाना बरे आहेत. भूक आहे, झोप आहे. दाढी स्वतः करतात.

लॉटरीचं चालूच आहे. दर गुरुवारी चहा झाला की टेबल पुसायचं, चिठ्ठी मांडायची, पेन झटकून बघायचं. एकोणपन्नास चौकटींतल्या सहा काळ्या करायच्या. लोक काट मारतात, रेघ ओढतात. नाना चौकट आतून भरतात, कडेला शाई लागू न देता, आपल्या दुकानात गाडीची नंबरप्लेट रंगवायचे तशी. इतर वेळी हात थरथरतो, कपातला चहा बशीत सांडतो. चिठ्ठीवर पेन टेकलं की हात मुकाट्याने कामाला लागतो. मग आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या तिकीटवाल्याकडे जातो. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर सोडत बघतो. काही लागत नाही. नाना म्हणतात, “पुढच्या वेळी,” आणि जेवायला बसतात.

आपले सहा आकडे तुला आठवतात का रे? तीन आईचा. अकरा नानांचा. एकोणीस तुझा, सव्वीस माझा. चौतीस घराचा नंबर आणि एक्केचाळीस नानांच्या दुकानाचा. आई म्हणायची, घराला आणि दुकानाला वाढदिवस नसतो म्हणून त्यांना काय वाऱ्यावर सोडायचं? तिकीटवाला दरवेळी नानांना छेडायचा, “अहो, सगळी दुनिया वाढदिवसच धरते. बक्षीस लागलं तर दहा जणांत वाटून घ्यावं लागेल.” नाना म्हणायचे, “वाढदिवस एकट्याने साजरा करतात का?”

आणि तू संख्याशास्त्र शिकून नुकता सुट्टीला आला होतास. जेवताना म्हणालास, नाना, कुठलेही सहा घ्या, शक्यता सारखीच. बरोबरच होतं तुझं. पण नानांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, “कुठलेही सहा? अरे, ही घरातली माणसं आहेत.” आईने विषय बदलला. तू हसलास. मीही हसले, तुझ्याकडे बघून.

तर मुद्द्यावर येते. नळाचं सांगून झालं, दिव्याचं सांगून झालं, आता दुसरं काही उरलं नाही.

उन्हाळ्यात एकदा तिकीटवाल्याने चिठ्ठी मशीनमध्ये घातली आणि ती परत आली. पाचच चौकटी भरलेल्या होत्या. तो म्हणाला, “नाना, एक राहिला.” नानांनी चिठ्ठी जवळ धरून पाहिली, लांब धरून पाहिली. चेहरा असा झाला की तिकीटवाल्यालाच वाईट वाटलं. “राहू द्या, सहावा मशीनला निवडू द्या. तशीही सोय आहे,” म्हणाला. त्याने बटण दाबलं. सात आला. नानांना हायसं वाटलं.

तेव्हापासून पाच आपले आणि एक मशीनचा, असंच चाललंय. कधी सात, कधी अठ्ठेचाळीस, कधी वीस. मी तुला फोनवर सांगितलं होतं की नाना घराचा नंबर विसरायला लागलेत. तू म्हणालास, वयाचा परिणाम, होतं असं. घराचा नंबर नाही विसरले रे. चौतीस त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील.

सव्वीस विसरले.

खोटं का बोलले ते मलाही धड सांगता येत नाही. लाज वाटली. सकाळी उठवते मी, अंघोळीचं पाणी काढते मी, औषधं देते मी, आणि यादीतून पहिली गळाले तीही मीच. तू असतोस तिकडे, आणि एकोणीस दर गुरुवारी काळाभोर, कडा कशा सुबक! खरं सांगते, मला तुझा राग आला. नानांचा येत नव्हता, मग कुणाचा तरी यायलाच हवा होता.

आता ते मला बाई म्हणतात. अहो बाई, तुम्ही. खूप अदबीने वागतात, घरात इतकं गोड ते आपल्याशीसुद्धा कधी बोलले नसतील. मी मुलगी आहे असं सुरुवातीला दोनदा सांगून पाहिलं. इतके घाबरले, उठून दाराकडे जायला लागले. म्हणून सोडून दिलं. एकदा मला म्हणाले, “बाई, पगार वेळेवर मिळतो ना? माझा मुलगा देतो ना?” मी म्हटलं, “हो, मिळतो.” “नाही मिळाला तर मला सांगा, मी त्याला कळवतो.” त्या दिवशी भांडी घासताना आधी हसले आणि मग नळ गळत होताच, त्यात मीही.

पण रोज संध्याकाळी खिडकीशी बसून एक प्रश्न ठरलेला असायचा. “मुलगा कधी येणार आहे?” मी सांगायची, येणार आहे, सुट्टी मिळाली की. तूच सांगायला सांगितलं होतंस. तेवढ्यावर ते खूश. रोज नव्याने खूश. तुला वाटायचं ताई उगाच टुमणं लावते. मी नाही, ते विचारायचे.

परवाच्या गुरुवारचं आता सांगते. टेबल पुसलं, चिठ्ठी मांडली. नानांनी तीन भरला, अकरा भरला. थांबले. मग चौतीस, मग एक्केचाळीस. पेन तसंच वर धरलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “बाई, आमच्याकडे एक जागा रिकामी पडते. पूर्वी कुणाची तरी होती. तुम्ही एवढं करता आमचं. तुमचा वाढदिवस कधी?”

धाकट्या, मी सव्वीस म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. त्यांनी सव्वीसची चौकट शोधली आणि भरली. इतकी सावकाश, इतकी नीट, दोन हात रंग दिल्यासारखी. “छान आकडा आहे,” म्हणाले. “आमच्यात बसतो.”

मला रडू आलं ते सुखाचंच होतं, खोटं कशाला बोलू. पण चिठ्ठीत आता पाच चौकटी होत्या. एकोणीस कोरा होता. मी पाहिलं होतं. सव्वीस म्हणण्याच्या आधी पाहिलं होतं. एक शब्द बोलायचा होता, नाना, मुलाचा राहिला. पेन त्यांच्या हातातच होतं. मी गप्प बसले. मनात म्हटलं, बसू दे एकदा याच्याही जागेवर मशीन. कळू दे कसं वाटतं ते. तू इथे नाहीस, तुला कसं कळणार होतं, एवढी अक्कल त्या क्षणी नव्हती मला.

तिकीटवाल्याने बटण दाबलं. आठ आला.

त्या संध्याकाळी नाना खिडकीशी बसले. मी समोर बसून राहिले. त्यांनी विचारलं नाही. शुक्रवारीही नाही. मी मुद्दाम म्हटलं, आज फोन आला होता. “कुणाचा?” म्हणाले आणि उत्तर न ऐकता बाहेर बघत राहिले. काल सोडत झाली, आपलं काहीच लागलं नाही. तुझा एकोणीसही निघाला नाही, तेवढी काळजी नको. टीव्ही बंद केल्यावर मला राहवेना. विचारलं, “नाना, एकोणीस हा आकडा कसा आहे हो?” त्यांनी मनापासून विचार केला. “चांगला आहे,” म्हणाले, “पण रंगवायला अवघड. नऊचं पोट नीट यावं लागतं.” आणि बोटाने टेबलावर नऊ काढून दाखवला.

मी गुरुवारी बोलले असते तर त्यांना आठवलं असतं का, मला माहीत नाही. कदाचित नुसता आकडा भरला असता आणि माणूस तरीही आठवला नसता. पण मी बोलले नाही, आणि ते तुला माझ्याकडूनच कळायला हवं. येत्या गुरुवारी मी स्वतः पेन घेऊन एकोणीस काळा करू शकते, त्यांना पत्ताही लागणार नाही. पण तसा भरलेला आकडा आणि मशीनचा आकडा यांत काय फरक, तूच सांग.

म्हणून ये. आता काठ्या आणि दिवे पाठवू नकोस, तू ये. पत्र पोचायला वेळ लागेल, येत्या गुरुवारी जमणार नाही. त्याच्या पुढच्या गुरुवारी सकाळीच ये. ते तुला अहो म्हणतील, बसा म्हणतील, पाणी विचारतील. मी तुमचा मुलगा, असं म्हणू नकोस. मी केलेली चूक तू करू नकोस. चहा घे. नळ बघायला आलोय म्हण, आणि खरंच बघ. मग चिठ्ठी मांडली की त्यांच्याजवळ बसून राहा. एक चौकट अजून राहते त्यांची. भले माणूस आहेत आपले नाना. समोर बसलेल्याला विचारल्याशिवाय राहणार नाहीत. विचारलं की तुझा दिवस सांग, एवढंच. ते चौकट भरतील तेव्हा त्यांच्या हाताकडे बघ.

बेल वाजव, दार मीच उघडीन.

तुझी
ताई

(हे पत्रापुरतं. त्यांच्यासमोर मला बाई म्हण.)