आईला आणण्याआधी वायपर

५ ऑक्टोबर, शनिवार. नारिन.
डोंगरमाथे पांढरे दिसायला लागले. आईला गावाहून इकडे आणायचं ठरवलं. वय अठ्ठ्याहत्तर, एकटी, अंगणातला नळ नोव्हेंबरात गोठतो, मग ओढ्यावरून पाणी. मी धाकटा मुलगा. म्हातारपणी आईबाप धाकट्याकडेच राहतात. त्यात विचार करण्यासारखं काही नाही.
मागची खोली तिला द्यायची. तिथे माझा प्रबंध पसरलेला आहे (तर्कशास्त्र, अकरावं वर्ष). बुरुल म्हणाली, आई खोलीत राहतील, प्रबंध कपाटावर राहील, आठ दिवसांत दोघांनाही सवय होईल. माझ्या बायकोला विनोद जमतो, वेळ जमत नाही.
उद्याच निघणार होतो. गाडी तपासली तर वायपरचं रबर फाटलेलं. किझिल-बेलच्या घाटात बर्फ लागला तर काच कशाने पुसणार? प्रश्न एका म्हातारीच्या जिवाचा आहे. आधी नवे वायपर. फार तर एक आठवडा.
आईला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, इथे आकाश निळं आहे. मी म्हटलं, आकाशावर विसंबून निर्णय घ्यायचे नसतात. ती म्हणाली, बरं, मास्तर.

८ ऑक्टोबर, मंगळवार.
तक्ता केला. सात निकष: रबराचा प्रकार, सांगाडा की बिनसांगाड्याचा, सांध्यात बर्फ अडकतो का, उणे तीसला रबर मऊ राहतं का, वगैरे. कॉलेजात दोन तास रिकामे होते, ते यात गेले. वाया नाही गेले.
मी टाळतो आहे का? प्रामाणिकपणे स्वतःला विचारलं. अर्धा तास खिडकीशी बसून तपासलं. नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार.
बाजार. जुमाश नावाचा माणूस जमिनीवर सतरंजी अंथरून वायपरची पाती मांडून बसतो. त्याने पहिलाच प्रश्न केला, स्टिअरिंग कुठल्या बाजूला? आमच्याकडे निम्म्या गाड्या जपानहून वापरून आलेल्या, उजव्या स्टिअरिंगच्या. माझीही तसलीच. पण प्रश्नातला सूर आवडला नाही. मी माहितीपुस्तक काढलं. डावं पातं पासष्ट सेंटिमीटर, उजवं पस्तीस. ते दाखवलं.
तो म्हणाला, मास्तर, लांब पातं गाडी हाकणाऱ्यापुढे, आखूड दुसऱ्यापुढे. एवढंच शास्त्र आहे, त्याला पुस्तक लागत नाही. मी म्हटलं, अनुभव वेगळा आणि प्रमाण वेगळं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे, आणि मागितली तशी बांधून दिली.
हिवाळी पाती, सांध्यांवर रबरी झाकण. सातपैकी साडेसहा गुण.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
नवी वस्तू घेतली की ती सहकाऱ्यांना खिलवून ‘धुवावी’ लागते. चूक माझी, खरेदीचा उल्लेख केला. इतिहासवाला म्हणाला, लोक घर धुतात, गाडी धुतात, आमचा मेलिस वायपर धुणार. भूगोलवाली म्हणाली, दोन पाती, म्हणजे माणशी दोन सामसे, मटणाचे. आठ जणांना खिलवले. खाताना सगळ्यांनी आईची चौकशी केली. येत्या रविवारी आणतोय, असं सांगितलं.
पाती सध्या मागच्या खोलीत, आईसाठी लावलेल्या खाटेवर ठेवली आहेत. थंडीत ठेवली तर रबर आखडतं. बुरुल म्हणाली, चला, खोलीत कुणीतरी राहायला आलं.

२० ऑक्टोबर, रविवार.
निघायच्या दिवशी सकाळी पाती बसवली. स्वतः. समाधान वाटलं. चालू केली. पहिल्या फेरीत दोन्ही एकमेकांत अडकली, बोकडांनी शिंगं अडकवावीत तशी. दुसऱ्या फेरीत लांब पात्याने दरवाजाच्या खांबाच्या थोबाडीत दिली आणि ते वाकलं. माझ्यापुढे काचेवर जेवढी जागा पुसली गेली तिच्यातून एका वेळी एकच मेंढी दिसली असती.
पुस्तक डाव्या स्टिअरिंगच्या गाडीचं निघालं. पहिल्या पानावर तसं छापलेलं आहे. बारीक अक्षरात. छापणाऱ्यांमधली जबाबदारीची जाणीव या जगातून नाहीशी होत चालली आहे.
जुमाशकडे गेलो. वाकलेलं पातं तो परत घेईना. म्हणाला, नाहीतर असंच राहू द्या मास्तर, शेजारी बसणाऱ्याला रस्ता झकास दिसेल, तो तुम्हाला सांगत राहील. आजूबाजूचे तिघे हसले. मीही हसलो, कारण मोठेपणा त्यात आहे.
त्याच्याकडे साधी पाती होती, लांब उजवीकडे, आखूड डावीकडे, लगेच बसली असती. पण तक्त्यात त्यांना चारच गुण होते. आपण आईला चार गुणांवर आणायचं का? राजधानीतून, बिश्केकहून योग्य जोडी मागवली.
आईला कळवलं. ती म्हणाली, मी गाठोडं बांधून ठेवलं होतं, सोडते आता, आत चहाचं भांडं आहे.

२६ ऑक्टोबर, शनिवार.
गुल्सूनताईचा कोचकोरहून फोन. ताई आणि ओरोझदाजींचं घर तिथे. दाजी कोळशाचा ट्रक चालवतात. ताई म्हणाली, यांची अत-बाशीकडे, आईच्या गावावरून खेप असते, येताना ट्रक रिकामाच येतो, आईला घेऊन येऊ का? मी स्पष्ट सांगितलं, धाकटा मुलगा जिवंत असताना आई जावयाच्या दारात राहणार? लोक काय म्हणतील? ताई म्हणाली, लोक म्हणायचं ते म्हणतातच आहेत रे, आता फक्त तुझ्या कानावर यायचं राहिलंय.
दाजींच्या ट्रकला एकच वायपर आहे आणि तो दाजी दोरीने ओढतात. सुरक्षेविषयी या माणसांशी काय बोलणार.

२ नोव्हेंबर, शनिवार.
आई ओढ्यावर पाणी आणताना घसरली. कंबर दुखावली. फोनवर म्हणाली, काही नाही, जमीन जागेवर आहे का ते बघून आले. मी हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही.
आज लगेच निघायला हवं होतं. गाडीत बसलोही. पण काचेवर ते एकमेकांत अडकणारं प्रकरण. घाईत घेतलेला निर्णय म्हणजे भावनेला शरण जाणं. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हेच शिकवतो. वीस मिनिटं बसून उतरलो. बुरुल स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. वर आलो तर तिने जेवण वाढलं, तेही आधीच गार झालेलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार.
बिश्केकची पाती आली. बसवली. उत्तम बसली. फक्त एक अडचण: बर्फ पडत नाही. कोरड्या काचेवर रबराची परीक्षा होऊ शकत नाही, आणि परीक्षा न झालेली पाती घेऊन घाटात जाणं म्हणजे होतो तिथेच परत. बर्फाची वाट पाहणं भाग आहे.
बुरुल म्हणाली, महिनाभर बर्फ पडेल म्हणून गेला नाहीत, आता पडत नाही म्हणून जात नाही. वरवर पाहता यात विसंगती दिसते. तिला समजावून सांगायला बसलो. ती उठून गेली.

७ नोव्हेंबर, गुरुवार.
सकाळी बर्फ. गॅरेजच्या अंगणात गाडी उभी करून दुपारपर्यंत चाचणी. काच आरशासारखी. इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. लगेच निघणार होतो, पण ताज्या बर्फात घाटात जाण्यात शहाणपण नाही. रविवारी रस्ता मोकळा होईल.
घरी आलो तर बुरुल बाहेरून येत होती, हातात रिकामी पिशवी, नाक लाल. घरातला थर्मास जागेवर दिसला नाही. विचारलं, तर म्हणाली, दिला एकाला.

१० नोव्हेंबर, रविवार.
निघालो. स्वच्छ ऊन, रस्ता कोरडा. वायपर एकदाही लागले नाहीत. घाटमाथ्यावर उगाच एकदा चालवून बघितले.
आईच्या दाराला कुलूप.
शेजारच्या बातमाकाकू धावत आल्या. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, अरे लेकरा, या अवस्थेत गाडी चालवत आलास? समोरच्या म्हाताऱ्याने बाक आणून मला बसवलं. आणखी दोघं आले. एकाने पाठीवर शाल टाकली, एकाने गरम रस्सा आणला. सगळे हळू आवाजात बोलत होते. मला काही कळेना. मी म्हटलं, मी ठीक आहे. काकू म्हणाल्या, असंच म्हणावं, धीर ठेवावा.
घरामागे जाऊन बुरुलला फोन केला. आई गुरुवारीच गेली, दाजींच्या ट्रकमधून. वाट नारिनवरूनच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबला होता, बुरुल चहा देऊन आली. मी तेव्हा गॅरेजमध्ये होतो. मग मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, म्हटलं, एवढे वायपर आणलेत, वाया जायला नकोत.
आईला फोन लावला. ती म्हणाली, तू गावात आहेस? आता? अरे देवा. किती जणांनी पाहिलं? मी म्हटलं, चौघांनी. ती म्हणाली, अरे, जावयाबरोबर जायचं तर लोकांना काहीतरी सांगायला हवं होतं. मी सांगितलंय तुझं हृदय बिघडलंय. डॉक्टरांनी घाट बंद केलाय. गाव रडलं रे तुझ्यासाठी, बातमाने तर दुवा मागितली. आणि तू असा टुणटुणीत उतरलास.
मी विचारलं, आमच्याकडे कधी येतेस? ती म्हणाली, इथे खिडकीशी खाट आहे, ऊन येतं. मी म्हटलं, मागची खोली मी रिकामी करणारच होतो. ती म्हणाली, माहीत आहे रे, तू करणारच होतास. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.
मग म्हणाली, ऐक, आता निघताना हळू चाल. मधे थांब. छातीवर हात ठेवू नकोस, ते नाटकी दिसतं. नुसता थांब.
फाटकापासून गाडीपर्यंत तीस पावलं. दोनदा थांबलो. बातमाकाकूंनी डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांना लावलं. दुसऱ्यांदा थांबलो तेव्हा डावीकडे खरोखरच काहीतरी जाणवलं. बारीकसं, पण होतं. गेल्या महिन्याभराचा त्यामुळे बराच उलगडा होतो.