आधी उजेड, मग आवाज

५ जुलै
तलाव-पहारा कमिटीचा अध्यक्ष झालो. एकमताने. मीटिंगला मी, बायको दियोनिसिया आणि तिचा धाकटा भाऊ तेओफिलो एवढेच होतो, पण एकमत ते एकमत. डोंगरावरचा बर्फाचा कडा तलावात कोसळला तर सगळं पाणी आमच्या याकुपाम्पा गावावर येणार. तेव्हा इशारा कसा द्यायचा? जिल्ह्याने हाताने फिरवायचा भोंगा पाठवलाय. मी नापास केला. भोंगा म्हणजे नुसता आवाज. आवाज पायी चालतो, तलावापासून गावापर्यंतच्या पाच किलोमीटरला पंधरा सेकंद घेतो. उजेड निघाला की पोहोचला. म्हणून रॉकेट! उजेडही, आवाजही. तेओफिलो तलावाकाठी बसेल, धोका दिसला की तीन रॉकेटं उडवेल, गावाने कबरस्तानाच्या टेकडीवर पळायचं. तीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, ते असं कामी आलं.
भोंगा मागच्या खोलीत ठेवला. कोंबड्यांना आवडला.

९ जुलै, दुपार
पहिली ट्रायल. एकच रॉकेट. उजेड दिसला नाही. हा सूर्याचा दोष. आवाज मात्र चार वेळा आला, कारण दरीचे कडे तो परत फेकतात. खालच्या आळीतल्या बायका विचारायला आल्या, "प्रोफेसर, कुणाचं लग्न ठरलं?" मी प्रतिध्वनी समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "ते झालं, पण कुणाचं?"
पुढची ट्रायल अंधार पडल्यावर.

१४ जुलै
धुकं. ट्रायल अंशतः यशस्वी. कुत्री भुंकली.
तेओफिलो बटाटे न्यायला खाली आला होता. म्हणाला, "दाजी, कड्याला चीर पडलीय. तलावाचं पाणी दुधासारखं झालंय. आणि जमिनीतून काहीतरी घुमतं. कानाला कळत नाही, पोटात कळतं." मी म्हटलं, सेकंदाला वीसपेक्षा कमी कंपनं माणसाला ऐकू येत नाहीत, आणि जे ऐकूच येत नाही त्याची तक्रार करायची नसते. त्याने बटाट्यांचं पोतं बांधलं. मग स्वयंपाकघरात बहिणीशी बराच वेळ कुजबुजला आणि गालात थंडी-थकव्यावर चघळायची कोकाची पानं धरून वर निघून गेला.
माझा दाढीचा आरसा सापडत नाही.

१९ जुलै, सकाळ
कपातला चमचा आपोआप वाजला. दियोनिसियाच्या चालण्याने.
ती बाजारात गेली होती, हे नंतर लक्षात आलं. म्हणजे कोंबड्या.

२१ जुलै
दियोनिसिया डोकं खाते. परवापासून सान्तियागोचा उत्सव. सान्तियागो म्हणजे विजेचा आणि गडगडाटाचा धनी, त्याला रॉकेटं लागतात, आणि यंदाच्या यजमानाने हजार रॉकेटांचा नवस बोललाय. तिचं म्हणणं, "त्या हजारांत माझ्या भावाची तीन तू कशी ओळखणार?" सोपं आहे. गावातल्या रॉकेटचा उजेड आणि आवाज बरोबर येतात. तेओफिलोचा आवाज पंधरा सेकंद मागे राहील. मी चौकात घड्याळ घेऊन उभा राहणार. म्हणाली, "आणि तुझ्या वाटची चिचा कोण पिणार?"
संकल्प: उत्सवाच्या मुख्य दिवशी, पंचवीस तारखेला, चिचा म्हणजे मक्याची दारू बंद. थेंबभरसुद्धा नाही.

२३ जुलै
बँड आला. अठरा जण, त्यांत चार ढोल. मी विनंती केली की दर तासाला एक मिनिट थांबा, मला डोंगर ऐकायचाय. यजमान म्हणाला, सान्तियागोला शांतता म्हणजे अपमान. शेवटी मधला मार्ग काढला: थांबायचं नाही.
चमचा आज जेवतानाही वाजला. आता चमचे लाकडी वापरायचे.

२५ जुलै, संध्याकाळ. टेकडीवर
क्रमाने लिहितो. सकाळपासून चौकात होतो. चिचा घेतली नाही, फक्त घसा ओला केला. लखलखीत ऊन. दियोनिसिया आली नव्हती. म्हणे तिला कबरस्तानात काम आहे. दुपारी वरून धाड धाड धाड झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली टाळी माझी. लिमाहून आलेल्या पाहुण्यांना मी सांगितलं, हा आपल्याच रॉकेटांचा प्रतिध्वनी, दरीची किमया.
तेवढ्यात टेकडीवर भोंगा केकाटला. माझा भोंगा! अध्यक्षाच्या परवानगीशिवाय! मी दियोनिसियाला जाब विचारायला तावातावाने टेकडी चढलो. आणि माझ्यामागून गावही चढलं, बँडसकट. म्हणजे एका अर्थी मीच गावाला वर नेलं.
दियोनिसिया दात-ओठ खात भोंग्याचा दांडा फिरवत होती, नजर तलावाकडे. वर तलावाच्या काठावर काहीतरी लुकलुकत होतं. माझा आरसा. बहीण-भावाचं आपापसांत ठरलं होतं: उन्हात रॉकेट दिसत नाही, आरसा दिसतो. मी म्हणालो, "परावर्तन! हे तर मीच शाळेत..." ती म्हणाली, "गप्प बस."
आरसा लुकलुकतच राहिला. पळून जाण्याइतका वेळ तेओफिलोला होता असं मला वाटतं. पण खालच्या आळीत अजून म्हातारी माणसं चढत होती, आणि ती त्याला वरून दिसत असणार.
मग लुकलुकणं थांबलं. मग गडगडाट आला. सगळ्यात शेवटी पाणी. उजेड, आवाज, पाणी. क्रम मी बरोबर सांगितला होता.
खालची आळी नाही. चौक नाही. आमचं घर नाही. माणसं सगळी आहेत, एक सोडून.

२७ जुलै
दियोनिसिया दोन दिवस टेकडीवरून हललेली नाही. वरच बघत बसते. मी शेजारी बसतो. घड्याळ खिशातच आहे. मला घड्याळाची फार लाज वाटते, घड्याळाची नाही, माझी.
आज ती पहिल्यांदा बोलली. इतक्या वर्षांत फिजिक्सचा प्रश्न तिने मला कधी विचारला नव्हता. म्हणाली, "मधे ढग आला तर आरसा दिसत नाही. हो ना, प्रोफेसर?"
मी म्हणालो, "हो. ढगातून दिसत नाही."
आकाशात एकही ढग नव्हता.