घासलेलं खोड

वटपौर्णिमा, मंगळवार. एनस्खेडे.

मेघनाला काय बोलणार? इथे परदेशात वड कुठला, म्हणून ती मैत्रिणींना घेऊन माझ्या रिसर्चच्या रानातल्या ओकच्या झाडाकडे गेली. घरी येऊन म्हणाली, "तूच म्हणतोस ना, इथलं सगळ्यात जुनं झाड. पण खोडावर किती घाण होती रे! आधी ब्रशने छान घासलं, मग पूजा केली."

घाण! दगडफूल होतं ते. आपण मसाल्यात घालतो त्याच्याच जातकुळीतलं, पण हिरवंगार. गोठ्यांच्या अमोनियाने बाकीच्या झाडांवरचं केव्हाच मेलं. या एका खोडावर तळहाताएवढं उरलं होतं. त्याच्यासाठी इतकी वर्षं गोठे लांब न्या म्हणून भांडतोय, आणि ते गेलं भांड्यांच्या ब्रशने.

संध्याकाळी सायकल काढून पाहून आलो. सूत नीट गुंडाळलेलं, हळदकुंकू वाहिलेलं, आणि ती तळहाताएवढी जागा लख्ख. तिच्यावर हात ठेवून उभा राहिलो. दुसरं काय करणार होतो?

दिवसभर उपाशी आहे ती, माझ्यासाठीच. चिडू तरी कसा? "पाहिलंस? आवडलं ना?" तिने विचारलं. हो म्हणालो.

सात जन्म हाच नवरा मिळू दे, असं मागून आलीय. मिळू देत सात. त्यातल्या एकाही जन्मात ते त्या खोडावर परत आलेलं मला दिसायचं नाही.