शेजारच्या सीटवरून

ताई,

तुला साष्टांग नमस्कार, आणि तो नुसता कागदावरचा नाही. बाळाचा एक मोजा पलंगाखाली गेला आहे, तो शोधताना मी खरोखरच पालथा पडलो होतो, तेव्हा म्हटलं याच आसनात पत्राला सुरुवात करावी. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचं घोरणं कमी झालं का? (मी विचारलं असं त्यांना सांगू नकोस.) बाळ आज एकोणीस दिवसांचं झालं, त्याची आई बरी आहे, आणि ज्याची चौकशी कोणीच करत नाही तो मीही बरा आहे.

तू शुक्रवारी यायच्या आत इथली हकीकत तुझ्या कानावर घालतो. चौदा वर्षं मी लोकांना गाडी शिकवतो, म्हणजे शेजारच्या सीटवर बसतो आणि माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. त्यामुळे शिकवण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असा माझा समज. हॉस्पिटलात होणाऱ्या बापांसाठी एक वर्ग होता, आईला अंगावर पाजायला मदत कशी करायची याचा. सहा बाप आणि मिळून एक कापडी बाहुली. बाकीच्यांनी ती गॅसचा सिलिंडर उचलावा तशी उचलली. मी धरली, तर नर्सबाईंनी बाकीच्या पाचांना माझ्याकडे बघायला सांगितलं. माझी छाती जी फुगली ती थेट बाळ घरी येईपर्यंत फुगलेलीच होती. बाहुली रडत नाही, पाठ ताणत नाही आणि ऐन वेळी तोंड फिरवत नाही, हे वर्गात कोणी बोललं नव्हतं.

बाळ घरी आलं त्या दिवसापासून मी पलंगाशेजारी खुर्ची टाकून सूचना द्यायला लागलो. हळू घ्या, मान सरळ ठेवा, थोडं अलीकडे, घाई नको, मागचे थांबतील. (मागे कोणीही नव्हतं. शिवाय लग्नाला सहा वर्षं झालेल्या बायकोला मी ‘अहो-जाहो’ करत होतो, हे मला नंतर कळलं.) ती बिचारी घामाघूम, बाळ लालबुंद, आणि माझं तोंड चालूच. दोन दिवस तिने ऐकून घेतलं. मग माझ्या पायाकडे बघून शांतपणे म्हणाली, “इथे तुझ्या पायाखाली ब्रेक नाहीये.” मी खाली पाहिलं, तर माझा पाय फरशीवर असा दाबलेला, की चपलेचा अंगठा तुटायच्या बेतात.

पाचव्या दिवशी वजनाला नेलं. जन्मल्यापेक्षा कमी भरलं. पहिल्या दिवसांत थोडं उतरतंच, असं नर्सबाई सांगत होत्या, पण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. (त्या घाबरण्यात मी एक उद्योग केला. तो शेवटी लिहितो, आत्ता धीर होत नाही.) बाईंनी बाळाला पिताना समोर बसून पाहिलं. ते नुसतं टोक धरत होतं. तोंड मोठं उघडू द्या, हनुवटी टेकू द्या, असं त्यांनी आईला दाखवलं. दुपटी किती ओली होतात ते बघा आणि आठवड्याने पुन्हा या, म्हणाल्या. मला कामं दिली तीन: उशी, पाणी आणि धीर. पहिली दोन लगेच जमली. तिसऱ्यासाठी मी तोंड उघडायचो आणि समोरच्याचा होता तेवढाही धीर जायचा.

आता मधेच आमच्या हेडबाईंचं सांगायला हवं. बाई एका शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्त झाल्या आणि गाडी शिकायला आमच्याकडे आल्या. चार महिने झाले, तीनदा परीक्षेत नापास. चढ आला की गाडी बंद, वळण आलं की कठडा. बाळाच्या नवव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या शेजारी बसलो, पट्टा लावला, “आरसा बघा” म्हणालो, आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही, कारण माझा डोळा लागला. (हे कुठे बोलू नकोस, माझी नोकरी जाईल.) जाग आली तेव्हा गाडी आमच्या ऑफिससमोर दोन गाड्यांच्या मधोमध सरळ रेषेत उभी, आणि हेडबाई पर्स मांडीवर घेऊन वाट बघत बसलेल्या. चढही पार झाला होता, चौकही. मला घाम फुटला. कसं जमलं, विचारलं, तर म्हणाल्या, “आज तुम्ही गप्प होतात.”

ताई, चौदा वर्षांत मला असं कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी मी उशी लावली, पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी ठेवला, दोन्ही पाय खुर्चीवर वर घेऊन मांडी घातली आणि तोंड मिटलं. बाळाने दोनदा तोंड फिरवलं. माझ्या जिभेवर सतरा सूचना आल्या, त्या मी गिळल्या. तिसऱ्या वेळी त्याने मोठा आ केला आणि मग घुटके ऐकू यायला लागले. दूध गिळण्याचा आवाज एवढा बारीक असतो की खोलीत कोणी बोलत असेल तर तो ऐकूच येत नाही. मी रडलो. बायकोने पाहिलं आणि तीही काही बोलली नाही.

बाराव्या दिवशी वजन जन्मापेक्षा जास्त भरलं. परवा शेजारच्या काकू आल्या आणि उंबऱ्यातूनच, दूध पुरतंय ना, म्हणून सुरू झाल्या. मी त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून अर्धा तास ट्रॅफिकचे नियम समजावले. माझं बोलणं वाया जाऊ नये म्हणून मी आता ते असं वापरतो. आईचं काम आई करते आहे. दार मी सांभाळणार, आणि त्यात कोणाची भीड धरणार नाही.

तुझा धाकटा

ता. क. १ – तो उद्योग. पाचव्या दिवशी बाथरूममधून तुला फोन करून रडत रडत मी दुधाच्या पावडरीचे दोन डबे मागवले होते आणि तिला सांगू नकोस म्हणालो होतो. ते आणू नकोस. एखादा असू दे घरात, असं तू म्हणणार. डॉक्टरांनी सांगितलं तर मी स्वतः पळत जाऊन आणीन, दुकान खालीच आहे. पण फळीवर डबा दिसला की माझा पाय पुन्हा फरशीवर जाईल, हे मला माहीत आहे.

ता. क. २ – बाळ रडलं की आपण दोघं स्वयंपाकघरात गप्प बसायचं. तुला जड जाईल. मी सराव करून घेईन.

ता. क. ३ – ताई, हे मी लिहितेय, पत्र पाकिटात घालता घालता. बाथरूममधलं सगळं बाहेर ऐकू येतं, डब्यांचं मला त्याच दिवशी कळलं होतं. मी बोलले नाही. शिकणाऱ्याच्या मधे मधे कशाला बोलायचं?