पहिलं बाळंतपण माहेरी

॥ श्री ॥
मु. बोरमाळी, ता. जामनेर
ता. १८ सप्टेंबर

रा. रा. व्याही पितांबरभाऊ यांस,
अभिमन याचा स. न. वि. वि.

टॉवरला डिझेल नाही, त्यामुळे फोन मुका झाला आणि आपल्यासारख्या म्हाताऱ्यांवर पुन्हा पत्रं लिहायची पाळी आली. अक्षर लावून घ्या.

लग्नात माझी बैलजोडी बघून तुम्ही हसला होतात, ते मी विसरलेलो नाही. एसटीच्या वर्कशॉपात उभा जन्म काढलेल्या माणसाला बैलांचं हसूच येणार. आता गावातल्या सातही ट्रॅक्टरांवर कोंबड्या बसतात आणि माझ्या बैलांसाठी लोक दारात येऊन थांबतात. तेव्हा थोडं हसू आम्हालाही मिळू द्या. बाकी हसण्यासारखं काही नाही. ट्रक आले नाहीत, केळीचे घड झाडावरच पिकून गळाले. ठिबकच्या नळ्या फुटल्यात आणि नव्या कुठेच मिळत नाहीत.

मुद्द्याचं असं, की चि. दिपमालाला सातवा लागतोय. पहिलं बाळंतपण माहेरचं. आता जळगावहून एकच बस मंगळवारी धुळ्याला येते आणि बुधवारी परत जाते. दसरा झाला की मी तिला न्यायला येतो. जळगावपासून पुढे आपली बैलगाडी आहे, नेरीला एक मुक्काम करू. गाडीत गवतावर दोन गाद्या टाकीन, पोरीला धक्का लागू देणार नाही.

विहीणबाईंना नमस्कार, नवलरावांना आशीर्वाद. लोभ आहेच, या टंचाईत तेवढा कमी पडू देऊ नका.

आपला,
अभिमन

॥ श्री ॥
धुळे, ता. २८ सप्टेंबर

रा. रा. अभिमनभाऊ यांस,
पितांबरचा सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमच्या बैलांपुढे मी हात जोडले. वर्कशॉपला कुलूप आहे. नवलची गोदामातली नोकरी गेली, आता तो सायकलवर लळिंगच्या डोंगरातून सरपण आणतो. इंदिरा चुलीपुढे बसून दिवसभर खोकते आणि सिलिंडरच्या आठवणी काढते.

आता जरा स्पष्ट लिहितो, रागावू नका. दिपमालाचा रक्तदाब वाढलाय. डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिले, सूज आहे म्हणाल्या. मोठा सरकारी दवाखाना आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे, तिथे ऑपरेशनची सोय अजून चालू आहे. तेव्हा पोरीला इथेच राहू द्या. इंदिराचं तर तुम्हाला माहीतच आहे, सरळ आपल्या अहिराणीत म्हणते की पोर आठेच बरी शे.

आम्ही एसटीवाल्यांनी अंतरं कमी केली होती, भाऊ. ती आता पुन्हा होती तेवढी झाली. जामनेर तुमच्या गावाहून पूर्वी अर्धा तास होतं. आज किती आहे, याचा विचार करा. त्यापेक्षा विहीणबाईंनाच इकडे धाडा, चार महिने राहू द्या. त्यांच्या हातच्या कळण्याच्या भाकरी आम्हालाही मिळतील.

प्रेम आहे तसंच राहो.

आपला,
पितांबर

॥ श्री ॥
बोरमाळी, ता. ७ ऑक्टोबर

रा. रा. पितांबरभाऊ यांस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं तर झुंबरबाईने डोळ्याला पदर लावला. लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं पाणीही आम्हाला चालत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. मग ती तुमच्याकडे चार महिने राहणार कशी? रोज शेजारी जाऊन जेवणार का? आणि पोरीला आणलं नाही तर भावकी म्हणेल, अभिमनला एक बाळंतपण झेपलं नाही. एकुलती एक लेक आहे, भाऊ. तिचा पाळणा माझ्या घरात हलावा, एवढीच माझी हौस उरली आहे.

दवाखान्याची काळजी मलाही आहे. आठ किलोमीटरवर आरोग्य केंद्र आहे. मी स्वतः जाऊन पाहून आलो, रुग्णवाहिका दारातच उभी असते. तिचं डिझेल कोणी हलवत नाही, असं ड्रायव्हरने शपथेवर सांगितलं. शिवाय आमची कुंदाबाई सुईण आहे, दिपमालाही तिच्याच हातची.

तुमच्या शब्दाबाहेर मी नाही, पण एवढा मान आम्हाला द्या. लोभात अंतर पडू नये.

आपला,
अभिमन

॥ श्री ॥
धुळे, ता. १४ ऑक्टोबर

रा. रा. अभिमनभाऊ यांस,
स. न. वि. वि.

लेक तुमची, मान तुमचा. घेऊन जा. डॉक्टरीणबाईंचा कागद तिच्या पिशवीत ठेवतो, तो तिथल्या नर्सला दाखवा. माझ्या मनाविरुद्ध लिहितोय हे लपवत नाही, पण तुमच्याशी वाकडेपणा घेऊन मला जगायचं नाही. एका लेकीमुळे दोन घरं जोडली आहेत, ती जोडलेलीच राहोत.

आपला,
पितांबर

॥ श्री ॥
बोरमाळी, ता. २ डिसेंबर

ती. मामंजी नानांच्या चरणी,
दिपमालाचा शि. सा. नमस्कार.

मी इथे आहे. खुशाल आहे असं लिहिणार होते, पण तुमच्याशी खोटं लिहवत नाही. आई मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. बाबा बैलांना सोडून माझ्यापाशीच बसतात आणि बाळाचं नाव काय ठेवायचं यावर आईशी भांडतात. लाडात काही कमी नाही.

पण पाय फार सुजलेत. माझ्या चपला होत नाहीत, बाबांच्या घालते. डोकं सारखं दुखतं, दोन दिवस झाले डोळ्यांसमोर ठिणग्या उडतात. नर्सबाई सायकलवर आल्या होत्या. त्यांनी दाब मोजला, परत मोजला आणि जळगावला न्या म्हणाल्या. बाबा आरोग्य केंद्रात गेले, तर रुग्णवाहिकेचं डिझेल संपलेलं. पुढच्या आठवड्यात येईल म्हणतात. बैलगाडीने दोन दिवस धक्के खात न्यायची त्यांची हिंमत होत नाही. डिझेल येईलच, हे ते आईला दिवसातून दहादा सांगतात.

नाना, मला इकडे यायचंच नव्हतं. पण बाबा फेटा बांधून दारात उभे होते. त्यांना नाही कसं म्हणणार होते? आताही म्हणवत नाही. तुम्ही बोलावणं पाठवा. सासरहून न्यायला माणूस आलं तर बाबांना अडवता येणार नाही, आणि मी कागाळी केली असंही व्हायचं नाही. जळगावच्या दवाखान्यापर्यंत नेलं तरी पुरे. मला भीती वाटते. ह्यांना सांगितलं तर ते घाबरून जातील, म्हणून तुम्हालाच लिहितेय.

ती. आत्याबाईंना नमस्कार. माया आहे, ती अशीच राहू द्यावी.

तुमची,
दिपमाला

बोरमाळी, ता. १६ डिसेंबर

पितांबरभाऊ,

पत्राचा कोपरा फाडलेला पाहूनच तुम्ही काय ते ओळखलं असेल. रविवारी, तेरा तारखेला सकाळी, दिपमाला गेली. बाळही गेलं.

चहा पिता पिता तिच्या हातातली बशी पडली आणि झटके सुरू झाले. कुंदाबाईने दातांत कापड धरलं आणि मला म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, पळ. मी गाडी जुंपली. बैलांना जन्मात मारलं नाही तेवढं त्या दिवशी मारलं. आरोग्य केंद्रात ती रुग्णवाहिका पुसून चकचकीत उभी होती, आत थेंब नव्हता. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि जामनेरला न्या म्हणाले. जामनेर समोर दिसत होतं, भाऊ, तेव्हा गाडीत मागे बसलेल्या झुंबरबाईने पोरीच्या तोंडावर पदर ओढला.

नवलराव सोमवारी दिवस मावळताना सायकलवर आले. सायकलच्या कॅरियरला त्यांनी उशी बांधली होती. नानांनी सहज जाऊन ये म्हणून धाडलं, एवढंच ते सांगतात. अजून इथेच आहेत.

तुम्ही लिहिलं होतं, तरी मी ऐकलं नाही. चार लोक काय म्हणतील ते पाहिलं आणि लेकीला दवाखान्याच्या दारातून उठवून इथे आणलं. तुम्ही मला काहीही बोला, मी ऐकून घेईन. यापुढे तुमच्याकडे काही मागायचं तोंड मला राहिलं नाही.

अभिमन

धुळे, ता. २२ डिसेंबर

अभिमनभाऊ,

सगळा दोष एकट्याने घेऊ नका. त्यात माझा वाटा आहे, आणि तो तुमच्याहून मोठा आहे.

दिपमालाने मला पत्र लिहिलं होतं. मला न्यायला पाठवा, मला भीती वाटते, असं तिने लिहिलं होतं. ते पत्र मला मंगळवारी, आठ तारखेला दुपारी मिळालं. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. नवलला बसमध्ये बसवून दिलं असतं तर तो गुरुवारी तुमच्याकडे पोचला असता. शनिवारपर्यंत पोरगी जळगावच्या दवाखान्यात असती.

मी त्याला सांगितलंच नाही. आधी तुमचं मन एकदा दुखावलं होतं, आता भरल्या दिवसांत माहेराहून परत बोलावलं तर व्याही जन्मभर तोंड बघणार नाही, असं वाटलं. तुम्हाला लागणार नाही असे शब्द शोधत मी चार दिवस कागद फाडत बसलो. शनिवारी राहवलं नाही, तेव्हा नवलला सहज जाऊन ये म्हणालो. तिच्या पत्राचं त्याला मी अजूनही सांगितलेलं नाही.

बुधवारी ती बस आमच्या घरावरूनच गेली. दिपमालाचं पत्र खिशात घेऊन मी ओट्यावर बसलो होतो. तीस वर्षांची सवय, म्हणून कान देऊन ऐकलं. इंजिन ठणठणीत होतं. बस निम्मी रिकामी होती.

हे पत्र नवलला वाचून दाखवा. त्याच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. लोभ ठेवा असं लिहायला हात उचलत नाही.

पितांबर